'निर्जन बेटावर बार्बेक्यू' विकणाऱ्या टूर कंपन्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, जिथून कुठून तुम्ही मॉरिशसचे ग्रुप काढता त्या सगळ्या टूर कंपन्यांसाठी हे पत्र आहे, आणि खास करून तुमच्या टूर मॅनेजर दादा-ताईंसाठी, कारण शेवटी बसमध्ये माईक त्यांच्या हातात असतो आणि लोक त्यांचंच ऐकतात. मी मूळची चिपळूणची. लग्न होऊन मॉरिशसमधल्या वाक्वाला आले, सासरचे लोक मराठीच, सासऱ्यांचे आजोबा कोकणातूनच ऊसमळ्यात मजुरीला इकडे आलेले, तेव्हा घरात बोलणं क्रेओल म्हणजे इथल्या बोलीत आणि गणपतीला आरत्या मराठीत असा आमचा कारभार. माहेरकडचं कोणी ना कोणी तुमच्यापैकी कोणाच्या तरी टूरने येतच असतं आणि मग एखाद दिवस मीही त्यांच्याबरोबर बसमध्ये, बोटीत चढते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते ऐकीव नाही.

कंपनीचं नाव घेणार नाही. एकतर पत्रकं सगळ्यांची जवळपास सारखीच असतात, फोटोसुद्धा तेच, आणि दुसरं म्हणजे मला कोणाचा धंदा बुडवायचा नाहीये. पण यंदाच्या सीझनचं पत्रक आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं त्यात चौथ्या दिवशी परत तेच, कॅटामरानने निर्जन बेटावर, स्नॉर्कलिंग, बीचवर बार्बेक्यू लंच, फुल्ल धमाल, आणि खाली टीप की मॉरिशसमध्ये साप नाहीत, बिनधास्त फिरा. याच विषयावर मी गेल्या वर्षी सविस्तर मेल केला होता, त्यावर 'आपला फीडबॅक आमच्या लोकल पार्टनरला कळवला आहे' असं उत्तर आलं, आणि झालं काय तर पत्रकात एक नारळाच्या झाडाचं चित्र वाढलं. म्हणून आता जाहीरच लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे ती बेटं निर्जन नाहीत. माणसं राहत नाहीत एवढंच.

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, कुठल्या खंडाला कधी जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी इथला मूळचा नाही. मूळचा बेडूक तर एकसुद्धा नाही, कारण बेडकाला खारं पाणी ओलांडून येणं जमत नाही. मग रान चालवायचं कोणी, तर पक्ष्यांनी आणि पाली-सरडे-कासवांनी. आपल्याकडे हरीण, माकड, हत्ती जी कामं करतात ती इथे कासवं करायची, झाडपाला चरायचा, फळं खायची, बिया लांब नेऊन टाकायच्या. दोन जातींची महाकाय कासवं होती या एका बेटावर. डच लोक १६३८ मध्ये वस्ती करून राहिले ते १७१० पर्यंत, तेवढ्यात डोडो संपला हे सगळ्यांना माहीत असतं, बसमध्ये तुम्ही सांगताही, डोडोचे टी-शर्टही आपण घेतो. पण कासवांचं कोणी सांगत नाही. जहाजावर जिवंत ताजं मटण म्हणून हजारोंनी उचलून नेली, उरलेल्यांची अंडी-पिल्लं डुकरांनी आणि उंदरांनी खाल्ली, आणि अठराव्या शतकातच मुख्य बेटावरून ती गेली. पाठोपाठ मोठ्या पाली, स्किंक म्हणजे आपली सापसुरळी असते तिच्या इथल्या जाती, आणि साप, एकेक करत मुख्य बेटावरून नाहीसे झाले.

जे वाचलं ते किनाऱ्यापासून सुटलेल्या छोट्या बेटांवर वाचलं. तुम्ही ज्यांना 'निर्जन' म्हणून विकता तशाच बेटांवर.

यातलं सगळ्यात मोलाचं राऊंड आयलंड. उत्तरेला साधारण २२ किलोमीटरवर, नुसता उभा खडक, बोट लावायला धड जागा नाही, आणि तेच त्याचं नशीब, कारण तिथे उंदीर कधीच पोचले नाहीत. तिथे एक साप आहे, राऊंड आयलंड बोआ. बिनविषारी, रात्री फिरणारा, पाली-सापसुरळ्या खाऊन राहणारा. याच्या वरच्या जबड्याचं हाड मधोमध दोन तुकड्यांत आहे आणि मध्ये सांधा आहे, म्हणजे आपल्या कोपराला असतो तसा, त्यामुळे गुळगुळीत अंगाची सापसुरळी तो जबडा वाकवून गच्च धरू शकतो. असा जबडा आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याच सापाला नाही. त्याचा एक चुलतभाऊ होता, तो मातीत बीळ करून राहायचा, १९७५ नंतर तो कोणाला दिसलेला नाही, गेला. त्याला कोणी काठीने मारलं नाही हो. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी त्या बेटावर बकऱ्या आणि ससे सोडले, पुढेमागे खायला होतील म्हणून, त्यांनी ताडाची रोपं-गवत सगळं फस्त केलं, पावसाने उघडी माती समुद्रात वाहून गेली आणि मातीत राहणाऱ्या सापाला माती उरली नाही. बकऱ्या १९७९ मध्ये आणि ससे १९८६ मध्ये काढले तेव्हा कुठे बेट परत हिरवं व्हायला लागलं. २००७ मध्ये तिथे अल्दाब्रा बेटावरच्या जातीची कासवं नेऊन सोडली, हरवलेल्या कासवांचं काम करायला. २०१२ मध्ये बोआ तिथून उचलून क्वँ द मीर नावाच्या दुसऱ्या बेटावरही नेले, सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत म्हणून. हे क्वँ द मीर तुमच्या लोकांनी पाहिलेलं असतं बरं का, कॅटामरानमधून जाताना पाचरीसारखा जो काळा कडा लागतो, ज्याच्यापुढे सगळे सेल्फी काढतात, तेच. तिथे वरती जगातला दुर्मीळ साप राहतो हे अख्ख्या बोटीत कोणाला माहीत नसतं.

आता चिचुंद्रीची गोष्ट सांगते, कारण माझी मुख्य तक्रार इथेच आहे.

कॅटामरान ज्या भागात नेतात तिथे दोन बेटं शेजारी-शेजारी आहेत, इल प्लात म्हणजे फ्लॅट आयलंड, आणि त्याला लागून इलो गाब्रिएल. फ्लॅट आयलंडवर एक सापसुरळी होती, शेपूट भगव्या रंगाची. मॉरिशसमध्ये ती फक्त या एका बेटावर शिल्लक राहिली होती. नव्वदच्या दशकात इथल्या लोकांनी खपून त्या बेटावरचे उंदीर आणि मांजरं काढून टाकली होती, म्हणजे हे बेट आता सुरक्षित म्हणायचं. २००८ पासून यातल्या काही सापसुरळ्या क्वँ द मीरवर नेऊन सोडायला सुरुवात झाली, खबरदारी म्हणून. आणि २०१० मध्ये फ्लॅट आयलंडवर चिचुंद्री सापडली. आपलीच, घराच्या मोरीतून चीं चीं करत भिंतीच्या कडेकडेने पळते ना, घाण वास मारते, मांजरसुद्धा तोंडात धरून टाकून देतं, ती. मुख्य बेटावर ती जहाजांतून कधीच आलेली होती. फ्लॅट आयलंड किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर आत आहे, एवढा समुद्र चिचुंद्री पोहून जात नाही. ती कशात तरी बसून गेली, बोटीत, खोक्यात, पोत्यात. पुढच्या वर्ष-दीड वर्षात त्या बेटावरच्या भगव्या शेपटीच्या सापसुरळ्या संपल्या. हजारो वर्षं टिकलेली वस्ती, दीड वर्षात. क्वँ द मीरवर आधी हलवल्या होत्या आणि मग धावपळ करून आणखी हलवल्या म्हणून जात तरी उरली, नाहीतर आज त्यांचा फक्त फोटो असता.

त्या बोटीवर तुमचे प्रवासी होते असं मी म्हणत नाहीये. कोणाची बोट होती हे शोधून आता उपयोगही नाही. पण तेव्हापासून आत्तापर्यंत तुम्ही काय बदललं, हा माझा प्रश्न आहे.

आईच्या ग्रुपबरोबर मी ग्रॅन बेहून निघाले त्या दिवसाचं सांगते. धक्क्यावर सामान चढवत होते, कोळशाचं पोतं, कांद्या-बटाट्यांचं पोतं, पावाची खोकी, केळ्यांचा अख्खा घड. एका पुठ्ठ्याच्या खोक्याचा खालचा कोपरा कुरतडलेला होता, बारीक बारीक दातांनी, भुसा पडलेला आत दिसत होता. मी बोटीवरच्या पोराला क्रेओलमध्ये म्हटलं हे बघ, तर तो हसला आणि खोकं उलटं करून ठेवलं. हे खोकं तसंच्या तसं इलो गाब्रिएलच्या वाळूवर उतरलं. कोणीही एक झाकण उघडून बघितलं नाही. आमच्या बॅगा, आमचे बूट, कोणाच्या चपलांच्या तळाला चिकटलेला बागेतला चिखल आणि बिया, काहीही तपासलं नाही. टूर मॅनेजरने सूचना दिल्या त्या लाइफ जॅकेटच्या आणि परत किती वाजता निघायचं त्याच्या, छान दिल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण कुठे उतरतोय त्याबद्दल एक वाक्य नाही.

जेवणं झाल्यावर उरलेला भात, चिकनची हाडं, केळ्याची सालं झुडपाखाली टाकली लोकांनी, 'खातील पक्षी-बिक्षी' म्हणून. आपल्या लोकांचा हेतू वाईट नसतो, अन्न वाया जाऊ नये हीच भावना. पण त्या उष्ट्यावर उंदीर आणि चिचुंद्री पोसतात, एखादी जरी उतरली तरी तिची सोय आपण आधीच करून ठेवलेली असते. मी सालं उचलत होते तेवढ्यात झुडपातून एक तपकिरी सापसुरळी आली, अंगावर लांब पट्टे, पेन्सिलीएवढी जाड असेल, आणि कागदी प्लेटमधला आंब्याचा रस चाटायला लागली, डोकं एकदा इकडे एकदा तिकडे, घाबरणं वगैरे काही नाही. ही बोजर स्किंक. एके काळी सगळ्या मॉरिशसभर होती, आता मुख्य बेटावर शोधून सापडणार नाही, फक्त अशा बेटांवर उरली आहे. मागून एक काका ओरडले, पाल पाल, आणि चप्पल उगारली. मी मध्ये हात घातला नसता तर मारली असती त्यांनी. काकांना मी दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम कोणाचं होतं?

आणि या दोन बेटांबद्दल अजून एक, हे तर आपण भारतीयांनी विसरूच नये असं. ही क्वारंटाइनची बेटं होती. १८५६ मध्ये कलकत्त्याहून मजूर घेऊन आलेल्या दोन जहाजांवर कॉलरा होता म्हणून सगळ्या लोकांना इलो गाब्रिएलवर उतरवून ठेवलं, धड निवारा नाही, धड पाणी नाही, आणि शेकडो माणसं तिथेच गेली. फ्लॅट आयलंडवर क्वारंटाइनच्या इमारतींचे अवशेष आहेत, कबरी आहेत. ज्या वाळूवर आपल्या गिरमिटियांना, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांना, संशयाने अडकवून मरू दिलं त्याच वाळूवर आज आपण डीजे लावून बार्बेक्यू करतो आणि कांद्याचं पोतं तपासायलासुद्धा कोणी थांबत नाही. आमच्या घरात हे बोलताना आवाज चढतो, तेव्हा इथेही चढला असेल तर समजून घ्या.

दुसरी तक्रार कासवांची. दक्षिणेकडच्या एका पार्कमध्ये तुमचा ग्रुप गेला होता, नाव घेत नाही, तिथे मोठ्या कासवांच्या कुंपणात आत जाता येतं. चारा घाला, मान खाजवा, ठीक आहे, मान खाजवली की ती उभी राहून मान लांब करतात, बघायला मजा येते. पण आपले लोक पाठीवर बसले. लहान मुलं तर बसलीच, पण एक चांगला ऐंशी किलोचा गृहस्थही बसला आणि टूर मॅनेजरनेच त्याचा फोटो काढून दिला, वर 'सर, थम्सअप करा'. कासवाची पाठ म्हणजे दगड नाही हो, ते जिवंत हाड आहे, पाठीचा कणा आणि फासळ्या त्यालाच जोडलेल्या असतात. शिवाय ज्या देशात स्वतःची दोन्ही महाकाय कासवं माणसांनी खाऊन संपवली तिथे उरल्यासुरल्या पाहुण्या कासवावर बसून फोटो काढायचा, कमाल आहे.

तिसरं म्हणजे माईकवरची माहिती. घाटात बस थांबवून झुडपावरचा सरडा दाखवला आणि सांगितलं हा मॉरिशसचा कॅमेलियन. अहो, तो आपला बागेतला सरडा आहे, मान खालीवर करणारा, चिपळूणला आमच्या कुंपणावर रोज बसायचा! इथले लोक त्याला कॅमेलियन म्हणतात हे खरं, पण तो बाहेरून आलेला पाहुणा आहे. तसाच आपला मुंगूस, जो उंदीर मारायला १९०० च्या सुमारास आणला आणि त्याने पक्षी आणि पाली मारल्या. आपल्या कवड्या सापाचा भाऊबंद इथे आहे, रात्री भिंतीवर चढून पाली खातो, बिनविषारी आहे पण आहे, तेव्हा 'साप नाहीत' हेही खोटंच. विषारी साप नाहीत, एवढंच खरं. आणि पावसात रस्त्यावर जे बेडूक तुमचे लोक मोबाइलमध्ये शूट करतात ते दक्षिण आफ्रिकेतले भेक, म्हणजे खडबडीत कातडीचे बेडूक, १९२२ मध्ये दरबानहून आणलेले, उसातल्या हुमणीचे भुंगे खातील म्हणून. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला विचारा हुमणी काय असते, तो लगेच ओळखेल. भुंग्यांचं काही बिघडलं नाही, भेक मात्र बेटभर झाले, आता रानात शिरून इथल्या मूळच्या गोगलगायी आणि किडे खातात. गंमत म्हणजे शंभर वर्षांत इथले भेक आफ्रिकेतल्या त्यांच्या नातेवाइकांपेक्षा अंगाने चांगलेच लहान झालेत, शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. ही खरी गोष्ट बसमध्ये सांगितली तर लोक कान देऊन ऐकतील की! खोटी कॅमेलियनची कशाला?

तुम्ही म्हणाल ताई, लोक दोन लाख भरून पाली बघायला येत नाहीत. मला हे पटत नाही. वेळासला कासवांची पिल्लं बघायला पहाटे उठून, खडबडीत रस्त्याने, गावातल्या घरात राहून लोक येतातच ना? पुण्यात कात्रजला साप बघायला पोरांची रांग असतेच ना? दाखवणारा असला की लोक बघतात. माझ्या सासूबाईंना पालीची किळस होती, पण आमच्या व्हरांड्यात निळ्या शेपटीची दिवसा फिरणारी पाल येते, अंग पोपटी, पाठीवर लाल ठिपके, आणि चहाच्या बशीतला साखरेचा थेंब जिभेने टिपते, तिला बघायला त्या आता दुपारी मुद्दाम बसतात. हीच पाल इथल्या रानात एका वेलीसारख्या झुडपाचं अख्खं घर चालवते. रुसिया म्हणतात त्याला, जगात फक्त मॉरिशसमध्ये. त्याच्या जाड पिवळसर फुलात ही पाल डोकं खुपसून मध पिते, परागकण डोक्याला लागतात, ती दुसऱ्या फुलात जाते. पुढे फळातून चिकट गर येतो तोही तीच चाटते आणि बिया तिच्या पोटातून दुसरीकडे पोचतात. फूल फळवायचं तिनेच आणि बी पेरायचं तिनेच, दोन्ही कामं एका पालीकडे. आता बाहेरून आलेल्या पांढऱ्या पायांच्या मुंग्या त्या फुलांवर मातीचं छप्पर करून बसतात आणि पालीला जवळ येऊ देत नाहीत, मग फळच धरत नाही. मूळचं चांगलं रान इथे दोन टक्क्यांहून कमी उरलंय, आणि त्यातसुद्धा असं एकेक नातं तुटतंय.

कोणी म्हणेल की 'वाकाशियो' नावाचं जहाज फुटलं तेव्हा एवढं तेल सांडलं, त्यापुढे आमचं कांद्याचं पोतं काय घेऊन बसलात. घेऊन बसते. २५ जुलै २०२० ला ते जहाज आग्नेय किनाऱ्यावर खडकावर चढलं, ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं, सुमारे हजार टन तेल समुद्रात. आम्ही सगळ्यांनी उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून तरंगते बांध केले, घराघरातून बायका शिवत होत्या, काहींनी केस कापून दिले. तिकडच्या छोट्या बेटांवर बोजर स्किंकच्या वेगळ्या वस्त्या आहेत, बोटाएवढ्या रात्रपाली आहेत, त्यांचं काय होणार कोणालाच सांगता येईना, तेव्हा ६६ जीव पकडून विमानाने थेट जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात नेले, युरोपात, की इकडे सगळं संपलं तरी तिकडे वंश राहील. एवढ्या टोकाला जाऊन लोक हे प्राणी वाचवतात. आणि फ्लॅट आयलंडची वस्ती संपली तेव्हा तेल नव्हतं, बातम्या नव्हत्या, मोर्चा नव्हता, एक चिचुंद्री होती फक्त. मोठं संकट दिसतं म्हणून माणसं धावतात, हे दिसत नाही म्हणून आधीच काळजी घ्यावी लागते.

इथल्या सरकारची जबाबदारी तुमच्यापेक्षा मोठी आहे हे मला कळतं, बोटींची तपासणी त्यांनीच करायची, आणि त्यांना मी फ्रेंचमध्ये वेगळं लिहिलंय, तिथे शब्द जास्त कडक आहेत. पण बोटवाला सरकारचं ऐकेल न ऐकेल, तुमचं ऐकतो. सीझनला ग्रुपमागून ग्रुप तुम्ही देता. तुम्ही म्हणालात की असं असेल तरच बुकिंग, तर दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकचे डबे विकत आणेल.

तर मागण्या साध्या आहेत, पैसे फारसे लागणार नाहीत.

बोटवाल्याकडून लेखी घ्या की बोटीत उंदीर-चिचुंद्रीचे सापळे कायम लावलेले असतील आणि बेटावर पुठ्ठ्याचं खोकं, पोतं, गवताची टोपली यातलं काहीही उतरणार नाही. जे न्यायचं ते घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबे धक्क्यावर उघडून बघून मग बंद करायचे. राऊंड आयलंडवर काम करणारे लोक आपलं सामान बंद खोलीत एकेक करून तपासतात आणि झाकणाच्या बादल्यांत भरूनच नेतात, तुम्हाला त्याच्या निम्मंही करायचं नाहीये.

बार्बेक्यू बोटीवरच करा. बेटावर फक्त पाण्याची बाटली. लोकांना वाळूवर बसून जेवायचंच असेल तर मुख्य बेटावर किनारे काय कमी आहेत?

चढण्याआधी दहा मिनिटं. बूट-चपलांचे तळ ब्रशने साफ, बॅगा उघडून झटकायच्या, आणि त्या वेळात टूर मॅनेजरने सांगायचं की आपण कोणाच्या घरी चाललोय. पानभर मजकूर लागेल, मी मराठीत लिहून द्यायला तयार आहे, फुकट.

कासवावर बसणं बंद, आणि ते पत्रकात छापा, म्हणजे तिथे गेल्यावर वाद नको.

'साप नाहीत' ही ओळ काढा. त्या जागी लिहा की विषारी साप नाहीत, आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही असा एक साप इथल्या दोन छोट्या बेटांवर आहे. वाचून एकही बुकिंग कॅन्सल होणार नाही, उलट दोन पोरं आईबापांच्या मागे लागतील.

राऊंड आयलंडला स्पेशल चार्टर मिळेल का असं कोणी विचारलं, आणि विचारतात, गेल्याच वर्षी एका ग्रुपमधल्या हौशी फोटोग्राफरने जादा पैसे देतो म्हणून विचारलं होतं, तर नाही म्हणायचं. ते पर्यटकांना बंद आहे आणि बंदच राहू दे.

आणि शेवटची मागणी, जी खरं तर तुमच्या फायद्याची आहे. पत्रकात अर्धा दिवस इल ओ एग्रेतचा घाला. माहेबुर्गजवळ, किनाऱ्यापासून जेमतेम आठशे मीटर, २६ हेक्टरचं बेट, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन म्हणून १९८४ पासूनची संस्था आहे ती चालवते, त्यांचा गाईड बरोबर असल्याशिवाय फिरता येत नाही आणि तिकिटाचा पैसा त्याच कामात जातो. उंदीर तिथून १९९१ मध्ये काढले, चिचुंद्री मात्र अजून हटत नाही, गाईड स्वतःच सांगतात. तिथे अल्दाब्रा कासवं मोकळी फिरतात, आबनूसची फळं खातात आणि त्यांच्या पोटातून आलेली बी जास्त चांगली रुजते, डचांनी तोडून नेलेलं आबनूसचं रान अशा तऱ्हेने परत उगवतंय. गुलाबी कबुतरं दिसतात. आणि टेलफेअर स्किंक दिसते, दीड वीत लांब, राखाडी, मुख्य बेटावरून दीडशे वर्षांपूर्वी गेलेली, राऊंड आयलंडहून आणून इथे सोडलेली. ती इतकी धीट आहे की तुमच्या बुटाच्या नाडीला जीभ लावून बघते. माझ्या भाच्याने तिथे तासभर एक फोटो काढला नाही, आणि तो आठवीतला मुलगा आहे, मोबाइल हातातून सुटत नाही त्याच्या.

दिवाळीच्या टूरची पत्रकं तुम्ही गणपतीच्या आसपास छापायला देता असं मला तुमच्यातल्याच एकाने सांगितलं. म्हणजे अजून वेळ आहे. यातलं काय करणार, काय नाही करणार आणि का नाही, हे गणपतीच्या आत जाहीर कळवा, मला मेल नको, सगळ्यांना वाचता येईल असं लिहा, म्हणजे बुकिंग करणाऱ्यालाही ठरवता येईल. माझी मावशी नोव्हेंबरला येतेय, दहा जणींचा ग्रुप आहे त्यांचा, अजून पैसे भरलेले नाहीत, आणि कुठल्या कंपनीत भरायचे ते तिने माझ्यावर सोडलंय.

आपली,
एक कोकणी माहेरवाशीण, वाक्वा, मॉरिशस